कोकणात जुन्या गाडीसाठी घरचं गॅरेज: पेण-रोह्यात वर्कशॉप उभारताना काय पाहाल?

मुंबई-ठाण्यात पार्किंगला जागा नाही आणि गावच्या घराचं अंगण रिकामं पडलंय. मग बाबांची जुनी पद्मिनी, आजोबांची अँबॅसेडर किंवा हौसेनं घेतलेली विलीज जीप गावी नेऊन ठेवायची आणि सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी दुरुस्त करायची, हा विचार अनेकांच्या मनात येतो. पेण आणि रोहा त्यासाठी सोयीचेही आहेत. रेल्वे आहे, महामार्ग जवळ आहे, आणि शनिवारी सकाळी निघालं की दुपारपर्यंत कामाला लागता येतं.

या गाड्या आता नव्याने मिळणार नाहीत. अँबॅसेडरचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेली. म्हणजे ज्या गाड्या उरल्या आहेत, त्या हौशी लोकांच्या अंगणातच टिकतील किंवा तिथेच सडतील.

घरच्या गॅरेजबद्दल इंटरनेटवर भरपूर माहिती आहे, पण ती बहुतेक अमेरिका किंवा इंग्लंडमधली. तिथल्या लोकांना थंडीत हीटर कुठे लावायचा याची चिंता असते. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. पेण-रोहा पट्ट्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यामुळे इथल्या वर्कशॉपचा आराखडा टूलबॉक्सपासून नाही, तर पाण्यापासून सुरू करावा लागतो. आधी पाणी, मग वीज, मग गाडी उचलण्याची सोय आणि सगळ्यात शेवटी हत्यारं. हा क्रम का आणि प्रत्येक टप्प्यावर काय करायचं, ते पाहूया.

गाडी बंद खोलीतही का गंजते?

"गाडी पावसात कुठे आहे? शेडमध्येच तर आहे!" असं आपण म्हणतो. पण गंज लागायला पाऊस अंगावर पडावा लागत नाही. हवेतली वाफ पुरते.

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं. हवा गरम असेल तर जास्त मावते, थंड झाली की कमी. हवा ज्या तापमानाला थंड केल्यावर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं, त्याला दवबिंदू म्हणतात. जुलै महिन्यात हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू येतो सुमारे २६ अंश. आता रात्रभर थंड झालेलं इंजिन आणि गाडीचा पत्रा सकाळी २५ अंशांवर आहे असं धरा. तुम्ही सकाळी नऊ वाजता शटर उघडलं, बाहेरची गरम दमट हवा आत आली आणि थंड लोखंडावर पाण्याचा पातळ थर बसला. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम येतो, तसाच.

हा थर डोळ्यांना दिसलाच पाहिजे असंही नाही. आर्द्रता साधारण ६० ते ६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजण्याचा वेग वाढायला लागतो. हवेत खाडीकडचं मीठ असेल तर आणखी लवकर, कारण मीठ स्वतःच ओलावा ओढून धरतं.

पद्मिनी आणि अँबॅसेडरसाठी ही गोष्ट जास्त गंभीर आहे. या दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही. तळाचा पत्रा, दरवाजाखालची सिल आणि बॉडी मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. म्हणजे तळ गंजला तर नुसतं दिसणं बिघडत नाही, गाडीची ताकदच जाते. विलीज जीप किंवा स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चॅसी असते, म्हणून तिथे बॉडी बदलली तरी निभावतं. तुमची गाडी यातली कोणती, हे आधी माहीत करून घ्या. पुढचे बरेच निर्णय त्यावर अवलंबून आहेत.

जागा: जोतं किती उंच हवं?

कोकणातल्या जुन्या घरांचं जोतं उंच का असतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. गॅरेजला मात्र आपण तो नियम लावत नाही. गाडी आत घ्यायला सोपं पडावं म्हणून फरशी अंगणाच्या पातळीला ठेवतो आणि पहिल्याच जोरदार सरीत पाणी आत येतं.

पेण आणि रोहा इथे पाण्याचा धोका वेगवेगळ्या प्रकारचा आहे. पेण तालुक्याचा पश्चिमेकडचा भाग खारेपाटाचा. खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन, त्यामुळे ती सखल असते, जमिनीखालचं पाणी वर असतं आणि मातीत क्षार असतात. इथे पाणी खालून वर येतं. रोह्यात कुंडलिका गावाला लागून वाहते. तिने धोक्याची पातळी ओलांडल्याची बातमी रोहेकरांना नवी नाही. इथे पाणी बाजूने येतं, आणि येतं तेव्हा वेळ देत नाही.

म्हणून बांधकामाआधी तीन गोष्टी करा:

१. जलसंपदा विभागाने नदीकाठी पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. तुमची जागा कुठे येते ते नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारा. बांधकामाच्या परवानगीसाठी तिथे जावं लागणारच आहे.

२. शेजारच्या वयस्कर माणसांना विचारा, २६ जुलै २००५ ला आणि जुलै २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं. ते ज्या पायरीकडे बोट दाखवतील, तिच्यापेक्षा फरशी वर हवी.

३. फरशी अंगणापेक्षा निदान एक ते दीड फूट उंच घ्या आणि पुढे उतार करा. एक फूट उंचीसाठी निदान सात-आठ फूट लांबीचा उतार ठेवला तर गाडी आत घेणं सोपं पडतं.

दाराची दिशाही महत्त्वाची आहे. पावसाळी वारा नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. शटर त्या बाजूला असेल तर झड सरळ आत येणार. शक्य असेल तर दार पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा.

किती मोठं गॅरेज लागतं?

सोपा हिशोब असा: गाडीच्या दोन्ही बाजूंना एक-एक मीटर, मागे एक मीटर आणि पुढे दोन मीटर. पुढे दोन मीटर कशाला? तिथे कामाचं टेबल येतं आणि इंजिन बाहेर काढायची वेळ आली तर क्रेन फिरवायला जागा लागते.

पद्मिनी सुमारे ३.९ मीटर लांब आणि जवळपास दीड मीटर रुंद. अँबॅसेडर सुमारे ४.३ मीटर लांब आणि १.७ मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे अँबॅसेडरला साधारण साडेसात मीटर बाय पावणेचार मीटर जागा हवी. भिंतीला रॅक लागतील हे धरून साडेसात बाय साडेचार मीटर, म्हणजे २५ बाय १५ फूट, हा एका गाडीसाठी चांगला आकार आहे. लोक नेहमी चूक करतात ती इथे. दुसरी गाडी "तात्पुरती" आत ठेवतात आणि मग पहिल्या गाडीचं दारही उघडत नाही. एका गाडीचं वर्कशॉप हे एकाच गाडीचं राहू द्या.

फरशी: खड्डा नको, प्लास्टिक विसरू नका

काँक्रीट दिसायला घट्ट असलं तरी त्यातून जमिनीतला ओलावा वर चढतो. खारेपाटात त्याच्याबरोबर क्षारही येतात. त्यामुळे स्लॅब टाकण्याआधी खाली दगड-खडीचा थर, त्यावर वाळू आणि त्यावर जाड प्लास्टिकचा सलग कागद अंथरायचा. जोडाच्या ठिकाणी कागद एकमेकांवर चढवून चिकटवायचा आणि कडेला भिंतीपर्यंत वर घ्यायचा. हा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ आहे, पण स्लॅब पडल्यावर तो कधीच करता येत नाही.

नुसती गाडी उभी करायला आणि जॅक लावायला चार ते पाच इंच जाडीचं, जाळी घातलेलं काँक्रीट चालतं. पुढे कधी दोन खांबांची हायड्रॉलिक लिफ्ट बसवायची असेल तर जिथे खांब येतील तिथे काँक्रीट जास्त जाड लागतं आणि छताची उंची साधारण साडेतीन मीटरच्या वर लागते. लिफ्ट आज घेणार नसाल तरी त्या दोन जागा आत्ताच जाड करून ठेवा.

आता खड्ड्याबद्दल. गावच्या गॅरेजमध्ये गाडीखाली जायला जमिनीत खड्डा असतो, तसाच आपणही करावा असं वाटतं. पेण-रोह्यात घरी तो करू नका. पहिलं कारण, पावसाळ्यात त्याची विहीर होते. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती खाली जाते आणि खड्ड्यात साचते. तिथे एक ठिणगी किंवा फुटलेला बल्ब पुरेसा आहे, आणि आत असलेल्या माणसाला पळायला वाट नसते.

छप्पर: ४००० लिटर पाणी कुठे जाणार?

२५ बाय १५ फुटांच्या गॅरेजचं छप्पर चारही बाजूंना बाहेर काढलं तर साधारण ४० चौरस मीटर होतं. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि इथे तो दर पावसाळ्यात अनेकदा पडतो, तर त्या छपरावरून ४००० लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर ते सगळं पागोळ्यांतून तुमच्या भिंतीच्या पायाशी पडेल आणि तिथून आत झिरपेल. म्हणून पन्हळ, खाली उतरणारा मोठ्या व्यासाचा पाइप आणि पाणी दूर नेणारी गटार किंवा टाकी, हे तिन्ही एकाच वेळी करा.

पत्र्याचं छप्पर स्वस्त आणि झटपट होतं, पण पहाटे पत्रा थंड झाला की आतल्या बाजूने पाणी सुटतं आणि थेंब गाडीवर पडतात. त्यासाठी पत्र्याखाली इन्सुलेशनचा थर लावतात. मंगळुरी कौलांच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे हा त्रास कमी, पण दरवर्षी मे महिन्यात कौलं चाळून घ्यावी लागतात. काहीही निवडा, पण बांधणी पक्की करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमध्ये कितीतरी घरांचे पत्रे उडाले. सुटा झालेला पत्रा गाडीवर पडला तर वर्षांचं काम एका मिनिटात जातं.

हवा: उघडं ठेवायचं की बंद?

इथे बहुतेक जण गोंधळतात, कारण दोन्ही सल्ले ऐकायला मिळतात. खरं तर दोन्ही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी.

काम करताना हवा खेळती हवी. धूर, रंग, थिनर यांचा वास बाहेर गेला पाहिजे. त्यासाठी वर आणि खाली अशा दोन्ही पातळ्यांवर जाळीच्या खिडक्या ठेवा. गरम हवा वरून जाते, जड वाफ खालून. जाळी बारीक हवी. पावसाळ्यात उंदीर, विंचू आणि साप कोरडी जागा शोधत येतात, आणि उंदरांना वायरिंगचं प्लास्टिक कुरतडायला आवडतं.

गाडी महिनोन्महिने नुसती उभी असेल तेव्हा मात्र बाहेरची दमट हवा आत येता कामा नये. त्या वेळी खिडक्यांना घट्ट झडपा हव्यात आणि आत डिह्युमिडिफायर. हे यंत्र हवेतली वाफ थंड नळीवर जमवून पाणी बाहेर काढतं. त्याचा पाइप थेट बाहेर सोडा, नाहीतर टाकी भरली की ते बंद पडतं आणि तुम्ही तर मुंबईत असता. ४०० वॅटचं यंत्र दिवसाला दहा तास चाललं तर रोज चार युनिट जातात. पण लक्षात ठेवा, खिडकी उघडी ठेवून ते चालवणं म्हणजे अख्ख्या कोकणची हवा सुकवायला बसण्यासारखं आहे.

डिह्युमिडिफायर परवडत नसेल तर एक स्वस्त मार्ग आहे. २८ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा फक्त चार अंशांनी गरम केली तर तिची आर्द्रता ६८ टक्क्यांपर्यंत खाली येते. वाफ तेवढीच राहते, पण गरम हवेत ती जास्त मावते. त्यामुळे बंद गॅरेजची उष्णता बाहेर न जाऊ देणारं इन्सुलेशनसुद्धा थोडंफार हेच काम करतं. शे-दोनशे रुपयांत डिजिटल आर्द्रतामापी मिळतो, तो गाडीजवळ लावा. अंदाज करण्यापेक्षा आकडा पाहिलेला बरा.

आणि एक, गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका. खालून येणारा ओलावा आतच अडकतो. हवा जाऊ देणारं कापडी कव्हर वापरा.

वीज: ओल्या फरशीवरचा खरा धोका

कागदावर आधी लोड मांडा. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर सुमारे दीड किलोवॅट, छोटा इन्व्हर्टर वेल्डिंग सेट पूर्ण जोरात चालला तर चार-पाच किलोवॅट, त्यात दिवे, पंखा, ग्राइंडर. सगळं एकदम चालत नाही, पण घराचा मंजूर लोड किती आहे ते वीजबिलावर पाहा आणि कमी असेल तर महावितरणकडून वाढवून घ्या. घराच्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढून वेल्डिंग करायचं नाही. गॅरेजला वेगळी केबल आणि स्वतःचा बोर्ड हवा.

त्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. एमसीबी वायरिंग जळण्यापासून वाचवतो. आरसीसीबी माणसाला वाचवतो. तुमच्या अंगातून जमिनीत वीज जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. ओल्या फरशीवर, घामेजल्या हाताने, लोखंडी गाडीखाली झोपून ग्राइंडर चालवणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. त्याबरोबर चांगलं अर्थिंग करा आणि दर महिन्याला आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा.

प्लग पॉइंट जमिनीपासून निदान एक मीटर उंच ठेवा. त्यामुळे पाणी शिरलं तरी ते वाचतात आणि खाली साचणाऱ्या पेट्रोलच्या वाफेपासून ठिणगी लांब राहते. वळिवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून सर्ज प्रोटेक्टरही लावा.

गाडी उचलणं

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. जॅकच्या आतली रबराची सील कधीही सुटू शकते. गाडी उचलली की आधी लोखंडी घोड्या, म्हणजे जॅक स्टँड, चारही ठिकाणी लावायच्या, मग गाडी हाताने हलवून पाहायची आणि मगच खाली जायचं. विटा किंवा दगड रचून त्यावर गाडी ठेवू नका. दगड दाबाखाली न सांगता फुटतो.

जुन्या गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सिलच्या पत्र्यावर रंग चांगला दिसतो, पण आतून तो कागदासारखा झालेला असतो. तिथे जॅक लावला तर तो पत्र्यातून आरपार जातो. म्हणून आधी पेचकसाच्या टोकाने ठोकून पाहा. घट्ट आवाज आला तर ठीक. भुसभुशीत लागला तर एक्सल किंवा सस्पेन्शनच्या मजबूत जागेखाली आधार द्या.

धाटावची औद्योगिक वसाहत रोह्याला लागूनच आहे. त्यामुळे फॅब्रिकेशन आणि लेथची कामं करणारे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पण घोड्या मात्र वजनाची क्षमता छापलेल्या, तयारच घ्या. "वेल्डिंग करून देतो" म्हणणाऱ्याकडून त्या बनवून घेऊ नका.

धूर, पेट्रोल आणि ब्रेकची धूळ

जुन्या कार्बोरेटर इंजिनाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. पीयूसीच्या नियमात भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला आयडलिंगला ३ टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड चालतो. आपल्या गॅरेजमध्ये याचा अर्थ काय? पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण १३० लिटर धूर सोडतं असं धरू. त्याचे ३ टक्के म्हणजे चार लिटर कार्बन मोनॉक्साइड. २५ बाय १५ फूट, साडेतीन मीटर उंच बंद खोलीत अर्ध्या तासात त्याचं प्रमाण हजार पीपीएमच्या आसपास जातं. १२०० पीपीएम ही अमेरिकेच्या निऑश संस्थेनं जिवाला तात्काळ धोका मानलेली पातळी आहे. चोक ओढलेला असेल तर तिथे याहून लवकर पोहोचतो. या वायूला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. बाहेर धो धो पाऊस असला तरी इंजिन सुरू करायचं तर शटर पूर्ण उघडं हवं, शक्य असेल तर गाडीचा मागचा भाग बाहेर.

पेट्रोलचा साठा गॅरेजमध्ये करू नका. वेल्डिंग करायचं असेल तर आधी टाकी आणि लाइन काढून बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिला घरी कधीच वेल्डिंग करू नका. जवळ पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक यंत्र असू द्या.

आता पंपावर मिळणाऱ्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या, कॉर्कची गॅस्केट यांना मऊ करतं. जुनी नळी फुटून गरम इंजिनावर पेट्रोल गळणं हे आग लागण्याचं नेहमीचं कारण आहे. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या, जे३० आर९ दर्जाच्या नळ्या बसवून घ्या.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ती ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बंद करा.

वर्षाचं वेळापत्रक: गाडीची आगोट

पेणचे मूर्तिकार ओल्या हवेत काम करण्यात मुरलेले आहेत. ओल्या मूर्तीला रंग लागत नाही, म्हणून सुकवण्याचा वेळ धरूनच त्यांचं वर्ष आखलेलं असतं. गाडीच्या रंगालाही तोच नियम आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश जास्त असल्याशिवाय प्रायमर मारू नये. नाहीतर रंगाखाली ओलावा अडकतो आणि वर्षभरात फुगे येतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पत्र्याचं काम, वेल्डिंग, प्रायमर, रंग. हवा कोरडी असते, हा वेळ वाया घालवू नका.

मार्च ते मे: वायरिंग, ब्रेक, जोडणी. आणि मे महिन्यात आगोट. घरात आपण पावसाआधी मीठ-मसाले, सुकी मासळी भरून ठेवतो, तशी गाडीचीही तयारी करायची. उघड्या पत्र्याला प्रायमर किंवा ऑइल, कार्बोरेटरमधलं पेट्रोल रिकामं, टाकी काठोकाठ भरलेली, बॅटरी काढून घरात.

जून ते सप्टेंबर: टेबलावरची कामं. कार्बोरेटर, डायनॅमो, डिस्ट्रिब्युटर खोलून साफ करणं. सीटचं नवं कापड या दिवसांत लावू नका, बुरशी येते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच आहे: १ जूनला गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. काम अर्धवट असलं तरी चालेल, पण चाकं लावलेली, हवा भरलेली, ढकलली तर सरकणारी. पुराचा इशारा आला की चाकांवरची गाडी तासाभरात उंचावर हलवता येते. घोड्यांवर चढवलेली, चाकं काढलेली गाडी जागेवरच बुडते.

कागदपत्रं आणि जुने पार्ट

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून ती १० वर्षं चालते. पण अट अशी की चॅसी, बॉडी शेल आणि इंजिन मूळचंच हवं, त्यात मोठा बदल नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि देखभाल यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

गाडी ५० वर्षांहून कमी वयाची असेल तर नेहमीप्रमाणे १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं.

वर्कशॉपच्या दृष्टीने याचा अर्थ हा की काढलेला कोणताही मूळ पार्ट भंगारात देऊ नका. एक रॅक फक्त जुन्या पार्टसाठी ठेवा. प्रत्येक पिशवीवर तारीख आणि जागा लिहा, खोलण्याआधी फोटो काढा. हत्यारं घेतानाही गाडी पाहून घ्या. पद्मिनीला मिलिमीटरचे पाने लागतात. जुनी अँबॅसेडर आणि विलीज जीप यांना इंची मापाचे. चुकीचा पाना लावला की नट गोल होतो आणि मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांचं होतं.

हे सगळं स्वतःच्या गाडीसाठी आहे. पैसे घेऊन लोकांच्या गाड्या दुरुस्त करायला लागलात की तो व्यवसाय होतो आणि वीजदरापासून परवान्यापर्यंत सगळं बदलतं.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे?

बजेट कमी असेल तर क्रम असा ठेवा:

१. उंच जोतं आणि प्लास्टिक घातलेली फरशी
२. पक्कं छप्पर, पन्हळ आणि पाण्याचा निचरा
३. वेगळा बोर्ड, आरसीसीबी, अर्थिंग आणि भरपूर उजेड
४. चांगला जॅक, चार घोड्या, अग्निशामक यंत्र
५. आर्द्रतामापी आणि डिह्युमिडिफायर
६. कामाचं टेबल, व्हाइस, पाने
७. कॉम्प्रेसर, वेल्डिंग सेट
८. जमलंच तर लिफ्ट

बहुतेक जण ही यादी उलटी सुरू करतात, कारण कॉम्प्रेसर आणि चकचकीत टूलबॉक्स घेण्यात मजा असते आणि गटार खणण्यात नसते. पण पाने पुढच्या वर्षीही मिळतील, मे महिना मात्र वर्षातून एकदाच येतो. यंदा पैसे फक्त पहिल्या दोन गोष्टींपुरते असतील तर तेवढंच करा आणि गाडी कोरडी ठेवा. कोरडी गाडी तुमची वाट पाहू शकते.